अनसूबाईचा हात

धारेवाडीला मोटार ठाऊक नव्हती, मीठसुद्धा माणसाच्या खांद्यावर बसून डोंगर चढायचं, तेव्हाची ही गोष्ट. नीट बसा, पाय पोटाशी घ्या. आणि पुढच्यांनी मागच्यांच्या पोटातली गुरगुर ऐकत बसू नये, गोष्ट ऐकावी.

धारेवाडी म्हणजे डोंगराच्या खांद्याला चिकटलेलं गाव. ताटातली भाकरीसुद्धा दरीकडं सरकायची, असं म्हणतात. वर घरं, घरांखाली शाळा, शाळेखाली गवताचा उतार, आणि उतार संपला की कडा. कड्याखाली काय आहे, ते बघून परत आलेलं कुणी नाही.

त्या कड्यावरून येसूचा तान्या गेला. चिंध्यांचा चेंडू उतारावरून घरंगळला, तान्या त्याच्यामागं धावला. चेंडू थांबला नाही, पोरही थांबलं नाही. येसू वर दारात नाचणी पाखडत होती. तिनं हाक मारली, ती दरीतून फिरून तिच्याकडंच परत आली.

मग गावानं काय करावं? ओढाळ गुरानं पळू नये म्हणून त्याच्या गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवतात ना, तसली लहान लोढणी करून पोरांच्या कमरेला बांधली. पहिलं येसूनंच बांधलं, आपल्या हौसाला. तान्याच्या पाठची ती. तेवढीच उरलेली.

पोरं चालली की मागून लाकूड खडखडायचं. हळूहळू पोरं पळायचं विसरली. पायांच्या काड्या झाल्या, पाणवठ्यापर्यंत जाताना दम लागायला लागला. गावातली कुत्री बिचारी शेपूट हलवून दमली, मागं लागायला कुणी नाही. पण कड्यावरून पुन्हा कुणी गेलं नाही. येसू म्हणायची, "काड्या तर काड्या. घरात तर हायेत."

अशा गावात अनसूबाई मास्तरीण आली. उंच, काळीसावळी, लुगड्याचा काष्टा असा घट्ट की जणू आत्ता कुणाशी कुस्ती धरायचीय. आल्या आल्या तिनं विचारलं, "पोरांच्या खेळाचा तास कधी घेता?"

पाटील म्हणाला, "बाई, खेळाचं नाव काढू नका. काय ते बसून शिकवा."

"बसून? पोरं काय अंडी उबवायला आलीत का शाळेत?"

संध्याकाळी बाई शाळेच्या ओट्यावर खडे मांडून बसायला लागली. एका पोराचा एक खडा. उद्याचा खेळ ती खड्यांनी खेळून बघायची. एखादा खडा जागेवर पडून राहिला की म्हणायची, "हा बसला. हा खेळ नको." आणि सगळं मोडून नव्यानं मांडायची. शिवाशिवी मोडली, कारण बाद झालेलं पोर बसून राहतं. मग तिनं ठरवलं, शिवलं गेलेलं पोर बाद नाही, त्यानं शिवणाऱ्याचा हात धरायचा आणि बरोबर पळायचं.

बायांना वाटलं, मास्तरीण कौल लावतेय. एक म्हातारी हरवलेली म्हैस कुठं गेली ते विचारायला आली. बाई मान वर न करता म्हणाली, "पाणवठ्याला." आणि म्हैस तिथंच सापडली, असं म्हणतात. म्हशी तिथंच सापडतात, पण ते जाऊ द्या.

येसूचं घर शाळेच्या वरच. ती दारातून बघायची. खेळ कुठलाही असो, खडे सरकत सरकत ओट्याच्या कडेला जायचे, एखादा खाली पडायचा. पडला की येसू तोंड फिरवायची. एके दिवशी बाईनं मोठाले धोंडे आणले आणि ओट्याच्या कडेला एकाला एक लावून ठेवले. खडे थांबले. बाई उठली आणि दारोदार फिरली.

"आया पायजेत मला. पोरांच्या तासाला."

आया आल्या. कड्यावर दरीकडं पाठ करून हातात हात धरून उभ्या राहिल्या. सासूच्या हातात सुनेचा हात आला, गावात तेवढा वेळ शांतता झाली. बाईनं राखेनं उतारावर रेघ ओढली. रेघेच्या वर पळायचं, रेघेशी थांबायचं. आधी तिनं पोरांना थांबायलाच शिकवलं. पळ, थांब. पळ, थांब. मग एकेका आईनं आपापल्या पोराचं लोढणं सोडलं.

येसूनं सोडलं नाही. आणि कड्यावरची एक जागा रिकामी राहिली. तान्या जिथून गेला, तिथं कुणी पाय ठेवीना. तिथं अनसूबाई स्वतः उभी राहायची. जागा दोघींची, बाई एकटी. पण तिचे हात लांब होऊन दोन्हीकडच्या बायांना पोचायचे, असं म्हणतात.

ती येसूला म्हणाली, "येसू, हात भरून येतात गं माझे. ये की."

"त्या जागेवर उभी राहू मी? तुमचं पोर गेलंय का बाई तिथनं?"

बाईनं पुन्हा कधी विचारलं नाही. रोज एकटीच हात पसरून उभी राहायची.

हौसा शाळेच्या भिंतीशी बसून सगळं बघायची. मांडीवर लोढणं, डोळे पोरांच्या पायांवर.

मग तो दिवस आला. ऐन तासाला दरीतून धुकं वर आलं, हातभरावरचं दिसेना. बाई ओरडली, "पोरांनो, आहात तिथं बसा!" पोरं बसली. आया कड्यावर हात घट्ट धरून राहिल्या. सगळी ठीक होती. फक्त हौसा खेळात नव्हती, म्हणून हौसाची आठवण कुणाला झाली नाही.

तिनं दातांनी गाठ सोडली होती. धुक्यात आपल्याला आई बघणार नाही, एवढंच तिला कळलं. ती उठली आणि पळाली.

येसूनं दारातून पावलं ऐकली. मागं खडखड नव्हती, तरी आईला पावलं कळतात. इतर पोरांना थांबायला शिकवलं होतं. आपल्या पोरीला आपणच शिकू दिलं नाही, हे येसूला त्या घटकेला कळलं. हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. हाकेनं एकदा काही झालं नव्हतं. ती धावली. इतकी वर्षं न धावलेली बाई अशी सुटली की उतारावरचं गवत दोन्ही बाजूंनी आडवं झालं, असं म्हणतात.

"बाई! हात!"

धुक्यातून एक हात आला. येसूनं तो धरला, दुसरा हात शेजारणीला दिला, आणि दरीकडं पाठ केली. त्याच क्षणी हौसा दोघींच्या हातांवर येऊन आदळली.

बायांची सगळी ओळ मागं झुकली. टाचांखालची माती दरीत गेली. आता जाणार, तोच येसूच्या पाठीला मागून कुणीतरी रेटलं. मागं तर दरी होती. हात लहान होता, असं येसू मरेपर्यंत सांगायची. कुणाचा, ते तिनं सांगितलं नाही आणि गावानं विचारलं नाही.

ओळ सरळ झाली. हौसा खाली बसली, धापा टाकत म्हणाली, "आये, पोटात कसं गार गार झालं गं." येसू तिला मारायला गेली आणि कवटाळून बसली.

त्या दिवशी धारेवाडीतल्या सगळ्या चुली लोढण्यांवर पेटल्या. दुसऱ्या दिवसापासून येसू बाईशेजारी उभी राहिली.

अनसूबाई पुढं म्हातारी झाली आणि गेली. आता कड्याला दगडी कठडा आहे. तरी खेळाचा तास असला की बाया चुलीवरचं खाली उतरवतात आणि कठड्याशी जाऊन हात धरतात. मधल्या त्या जागेला म्हणतात अनसूबाईचा हात. गावात जिचं मूल गेलं असेल, ती जागा तिची. तिला बोलवायला कुणी जात नाही. दोन्हीकडच्या बाया नुसते हात पुढं करून उभ्या राहतात, आणि पोरंही राखेच्या रेघेशी गप उभी राहतात. कधी दिवस जातात, कधी अख्खा पावसाळा जातो. पण ती येते. पदर खोचते, हात धरते.

मग बाया एकदम ओरडतात, "पळा रे!"