देवदाराच्या पेटीचं झाकण

फार मागं, डोंगरावरच्या देवळात देवदाराची पेटी होती. तिच्या वासानं कसर फिरकायची नाही, म्हणून देवाची शाल तिच्यात ठेवायचे. पेटीचा तोरा बघावा, जणू तीच देव!

एकदा थंडी सरल्यावर गुरवानं घोंगडी पेटीत ठेवायला आणली. पेटीनं झाकण गच्च धरलं.

घोंगडी म्हणाली, "बाई गं, कोपऱ्यात घे. बाहेर कसर खाईल मला."

"मेंढराचा वास मारतेस. शालीला लागेल. हो लांब!"

मग गुरवानं घोंगडी खुंटीला टांगली.

थंडी पडली. गुरव म्हणाला, "देवा, शाल मिरवायला. ऊब दरसाल घोंगडीचीच." त्यानं देवाला घोंगडी पांघरली, तर भोकाभोकांतून देवाचे खांदे उघडे.

तेव्हापासून पेटीचं झाकण लागतच नाही. सुतार म्हणतो, बिजागरी सैल झाली. मी म्हणते, लाज.