जोडलेला रॉड

नव्या इमारतीत तुटून जोडलेली एकही वस्तू न्यायची नाही, असा नगराध्यक्ष अंबादासरावांचा कडक हुकूम होता. पहारेकऱ्यानं सकाळी कान चिकटवलेला कपसुद्धा परत धाडला होता. संध्याकाळी उद्घाटन, आणि इंटरनेटची केबल अजून बाहेरच!

कुमुद घाडगे केबल ओढायला आली. जमिनीखालच्या नळीतून केबल नेणारा तिचा फायबरचा लांब रॉड काल मधोमध मोडला होता. दोन्ही टोकं घासून, पितळी नळकांड्यात चिकटवून तिनं तो सांधला होता. रॉड नळीत घालणार, तोच अंबादासराव दारातून गरजले, "थांबा बाई! एकदा मोडलेलं ते मोडलेलंच. नवा रॉड आणा!"

नवा रॉड यायला आठवडा लागला असता. कुमुदनं निमूट मान हलवली आणि पहारेकऱ्याला हाक मारली, "मामा, आधी साहेबांना बाहेर घ्या."

"मला?"

"साहेब, गेल्या वर्षी तुमचा पाय मोडला होता. डॉक्टरांनी रॉड घालूनच जोडला ना? हुकूम म्हणजे हुकूम."

पहारेकरी पडला इमानी. त्यानं खरोखरच साहेबांचा दंड धरला.

"अहो बाई, जाऊ द्या तुमचा रॉड आत!" अंबादासराव घाईघाईनं ओरडले. "आणि माझाही!"