फुलांखालचे पाणी

पूर्वी सुतीर्थ नगरात राजा वीरसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व वेणुमती नदीत कासवाच्या जन्माला आले होते. राजाने नदीला आडवा बांध घातला. पाण्याच्या लोटावर मोठाली चाके फिरू लागली, नगराचे धान्य त्यांवर दळले जाऊ लागले. बांधामागे मात्र कुंदग्राम बुडाले, आणि गावकरी वरच्या काठावर राहायला गेले.

त्या गावात अनुला नावाची व्रतस्थ बाई राहत असे. तिची चिमुकली चित्रा तापाने गेली, तेव्हा तिला अंगणातल्या चाफ्याखाली पुरले होते. दर उपवासाला तिथे ताजे फूल वाहायचे, हा अनुलाचा नेम. आता चाफ्याचा नुसता शेंडा पाण्यावर दिसे, आणि वाहिलेले फूल वाऱ्याने कुठच्या कुठे जाई. म्हणून तिने दूरच्या तळ्यातून निळ्या फुलांची तरंगती रोपे आणली आणि त्या शेंड्याला अडकवून सोडली.

“बाळे, हे फूल सुकायचं नाही हं,” ती म्हणाली.

वाहत्या नदीने ती रोपे केव्हाच नेली असती. पण हे पाणी थांबलेले होते, आणि तळाशी बुडालेली शेते, झाडे, गोठ्यांतले शेण कुजत होते. त्या खतावर रोपे अशी फोफावली की बघता बघता सारा जलाशय हिरवा झाला.

“वहिनी, नाव कुठून नेऊ? तुझ्या फुलांवरून चालत जाऊ का?” नावाडी भद्दक विचारी.

“चाला की भावोजी. तुमचं पोट बघून फुलंच बाजूला होतील.”

पानांखाली मात्र काळोख होता. पाणी सडले, मासे गुदमरू लागले. बोधिसत्त्व चाफ्याच्या खोडाला पाय रोवून दात नसलेल्या पण धारदार जबड्याने मुळे तोडीत आणि तिथे एक भोक मोकळे ठेवीत. मासे त्या भोकाशी येऊन वरची हवा घेत. अनुला उपवासाच्या दिवशी डोंगी घेऊन येई, लेकीवरची फुले ओरबाडलेली पाही, आणि रडत रडत ते भोक नव्या रोपांनी बुजवी.

एका सकाळी बोधिसत्त्व मुळे तोडीत असताना तिने त्यांना पाहिले.

“तूच का रे तो चोर!”

तिने वल्हे उचलून त्यांच्या डोक्यावर घातले. तिचा दुसरा हात त्यांच्या जबड्यापाशीच होता. चावता आले असते, पण त्यांनी तोंड मिटून घेतले.

“आई, मार हवं तर,” ते म्हणाले, “पण एकदा खाली बघ.”

अनुलाने पाने बाजूला केली. काळ्या पाण्यात पांढरी पोटे तरंगत होती. एक इवलासा मासा तोंड उघडीत होता, मिटीत होता. शेवटच्या तापात चित्रा तशीच करीत होती.

अनुलाने दोन्ही हातांनी फुले उपटायला सुरुवात केली. त्या घावाने बोधिसत्त्वांचे डोळे कायमचे मिटले तेव्हाही ती उपटतच होती.

रोपे पुन्हा उगवत. तुटक्या देठातूनही उगवत. तेव्हापासून दर उपवासाला अनुला फूल वाहण्याऐवजी कवेत मावतील तेवढी रोपे काढून काठावर टाकी. पुढे भद्दक येऊ लागला, गावच्या बायका येऊ लागल्या. सारे पाणी कधीच साफ झाले नाही. चाफ्याभोवती मात्र आभाळ दिसत राहिले.

ही कथा सांगून भगवान शास्ते समोर बसलेल्या, लेक गमावलेल्या उपासिकेला म्हणाले, “त्या वेळचा भद्दक म्हणजे आज तुझ्यासोबत आलेला हा तुझा दीर. अनुला तू होतीस. कासव मी होतो.”

“म्हणजे माझ्याच हातून, भगवन्…” तिने आपल्या हातांकडे पाहिले.

“हो, मुली. आणि पाणी मोकळं केलं तेही याच हातांनी. घाव सोसूनही ज्याचा जबडा मिटलेला राहतो, त्याच्या त्या बळाला क्षांती म्हणतात.”