दादाचा तांबडा झेंडू

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. मुलांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. प्रत्येक घरामागे परसबाग होती आणि गावाची एक रीत होती. दसऱ्याला आपल्या परसातल्या फुलांचं तोरण आपल्या दाराला बांधायचं नाही, मित्राच्या दाराला बांधायचं. ते तिथे सुकत राही. पावसाळा तोंडावर आला की ज्याचं दार तो ते उतरवी, हाताने चुरडी आणि आपल्या परसात पेरी. झेंडूचं बी असं घराघरांतून फिरत असे.

त्या गावात दोघे भाऊ राहत. थोरल्याला मातीची जाण होती, धाकटा तापट होता. थोरल्याने कैक वर्षं खपून, एकेक फूल निवडून, एक नवा झेंडू तयार केला. पाकळी गर्द तांबडी, कडेला सोन्यासारखी बारीक रेघ. पंचक्रोशीत असा झेंडू कुठे नव्हता. एका दसऱ्याला तो पहिल्यांदाच भरपूर फुलला. थोरल्याने गावातल्या झाडून साऱ्या दारांना त्याची तोरणं बांधली. शेजारच्या गोदूमावशीच्या शेळीच्या गळ्यातही एक माळ घातली. "तिलाही सण आहे," तो म्हणाला.

त्याच थंडीत थोरला तापाने गेला.

धाकटा जेवायला बसताना दोन ताटं घेई आणि मग एक परत ठेवी. पावसाळा तोंडावर आला तेव्हा थोरल्याचा मित्र म्हादू कुंभार तोरण उतरवायला शिडीवर चढलेला त्याला दिसला. धाकट्याने धावत जाऊन शिडी धरली.

"खाली उतर. हात लावू नको त्याला."

"अरे, पेरायला काढतोय. दरवर्षी काढतो तसं."

"माझ्या भावाने ओवलंय ते. आणि तू चुरडणार? काळीज आहे का दगड?"

म्हादू उतरला आणि त्याने तोरण धाकट्याच्या हातात दिलं. धाकटा तसाच दारोदार फिरला. दुःखातल्या पोराला नाही कोण म्हणणार? सगळी तोरणं आणून त्याने रांजणात भरली, वर झाकण ठेवलं, कडा मातीने लिंपल्या. रोज रांजणावर हात ठेवून तो म्हणे, "दादा, तुझं एक फूलसुद्धा वाया जाऊ देणार नाही."

पाऊस पडला आणि सरला. आश्विन लागला. आभाळ धुतल्यासारखं निळं झालं, सकाळी गवतावर दव दिसू लागलं. परसापरसांत माणसं गप्पा मारत खुरपी चालवू लागली. पिवळा झेंडू फुलला, शेवंतीला कळ्या आल्या. तांबडा मात्र कुठेच नव्हता. धाकट्याचं परस तर तणाने भरलं होतं. थोरल्याने ठेवली होती तिथून त्याची खुरपीही त्याने हलवली नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी त्याने झाकण काढलं. रीत गेली उडत, सगळी तोरणं आपल्याच दाराला लावायची, माझा भाऊ काय होता ते गावाने बघावं, असं त्याच्या मनात होतं. पण आतून कुबट वास आला. पावसाची ओल रांजणात शिरली होती. तळाशी बुरशीचा काळा गोळा उरला होता. एक बीही शाबूत नव्हतं.

धाकटा तिथेच बसला. भावाला तापाने नेलं होतं. भावाचा झेंडू त्याने स्वतः घालवला होता.

इतक्यात गोदूमावशी दारात आली. "ऊठ बाळा, चल माझ्याबरोबर. माझ्या शेळीने तुझं ऐकलं नाही."

शेळीच्या खुंट्याजवळ एक झाड उभं होतं. त्यावर गर्द तांबडी फुलं होती, कडेला सोन्याची रेघ.

"तुझ्या भावाने घातलेली माळ हिने अर्धी खाल्ली, अर्धी तुडवली," मावशी म्हणाली. "मी तण समजून उपटणार होते. काल फुलं उमलली तेव्हा कळलं."

धाकट्याने गुडघे टेकले आणि झाडाचं खोड मुठीत धरलं. "मी घरी नेतो."

मागे म्हादू येऊन उभा होता. "फुललेलं झाड उपटू नये. तुझा दादाच सांगायचा."

धाकट्याची मूठ हळूहळू सुटली. मग तो म्हणाला, "निदान शेळीला तरी लांब बांधा."

"तिचं झाड आहे," म्हादू म्हणाला. "आधी तिला विचार."

थोरला गेल्यापासून धाकटा पहिल्यांदा हसला.

त्या वर्षी ती फुलं कुणी तोडली नाहीत. ती झाडावरच सुकली. पुढचा पाऊस जवळ आला तेव्हा धाकट्याने ती स्वतः चुरडली. जीव कचरला, पण तो थांबला नाही. घरोघरी त्याने चिमूट चिमूट बी दिलं, थोरल्याची खुरपी उचलली आणि मित्रांबरोबर परसापरसातलं तण काढलं.

पुढच्या शरदात सारं गाव तांबडं झालं. म्हादूने आपल्या परसातल्या फुलांचं तोरण धाकट्याच्या दाराला बांधलं. रस्त्याने जाणारा एक वाटसरू थबकला.

"असा झेंडू कुठे पाहिला नाही. कुणाचा म्हणायचा हा?"

धाकटा पुढे आला. "आमच्या दादाचा," तो म्हणाला. त्याने एक लांब माळ आणून वाटसरूच्या हातात ठेवली. "घरी बांधा. सुकली की चुरडून पेरा. जीव कचरेल, तरी चुरडा."

आजही त्या डोंगराखालच्या गावागावांत दसऱ्याला दारं तांबडी होतात.

बोध इतकाच: गेलेल्या माणसाचं चांगलं काम कोंडून ठेवलं तर संपतं, वाटलं तर वाढतं.