मुकाईचे पान

बोरवंडच्या बँडने पहिले गाणे धरले, की बँडवाल्यांच्या घरच्या बायकांनी ओठांत विड्याचे पान धरायचे आणि गाणे संपेपर्यंत ते सोडायचे नाही. का, हे विचारायचे नाही. शलाकाने लहानपणी विचारले होते, तर उत्तर पाठीत बसले.

बाहेरच्यांना मात्र न विचारताच सांगतात. चुलत बहिणीच्या लग्नाला नाशिककडचे वऱ्हाड आले. चहा संपायच्या आत बाजीनानांनी त्यांना अंगणातल्या चिंचेखाली नेले. तिथे शेंदूर फासलेले एक जुने जाते आहे. बँडवाल्यांच्या घरातल्या प्रत्येक लग्नाची हळद अजून त्याच्यावरच दळतात. बाजीनाना शलाकाचे चुलत आजोबा आणि बँडचे मालक. सत्तरी उलटली तरी क्लॅरिनेट दुसऱ्याच्या हाती देत नाहीत.

"हे मुकाईचं जातं," नाना म्हणाले आणि त्यांनी टोपी सारखी केली. पानांचे ताट घेऊन उभ्या असलेल्या शलाकाने वर बघितले. आता निदान पाऊण तास.

असे सांगतात, की बँडचा मूळ पुरुष खंडोजी पलटणीच्या बँडात होता. पेन्शनीत आला तो क्लॅरिनेट घेऊन. पण त्याला कवायतीच्या चाली तेवढ्या येत. गावदेवी जानुबाईच्या जत्रेत त्याने वाजवायला सुरुवात केली, की लोक नाचायचे सोडून छाती काढून उभे राहत आणि मग पोट धरून हसत. मूळ पुरुषाचा एवढा एकच गुण शलाकाला मनापासून आवडे.

खंडोजीने अन्न सोडले. तेव्हा त्याच्या बायकोने, तान्हाईने, जानुबाईला साकडे घातले, म्हणे. माझा गळा घे, पण यांच्या वाद्याला दे. दुसऱ्या दिवशी पहाटे ती याच जात्यावर दळत होती, गात होती. गाता गाता मध्येच तिचा आवाज गेला. आणि त्याच क्षणी ओसरीवर खंडोजीच्या क्लॅरिनेटने ते गाणे पुढे उचलले. त्या जत्रेत म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळे गाव नाचले. तान्हाई मरेपर्यंत बोलली नाही. तिची मुकाई झाली. बँड पहिले गाणे तेच धरतो, तिचा मान म्हणून बायका पान धरतात आणि ओळीत जिथे तिचा गळा गेला तिथे प्रत्येक ओळीला बँड आजवर क्षणभर थांबतो.

वऱ्हाडातल्या एका बाईने डोळ्यांना पदर लावला.

शलाकाला वाटले, देवीनेही घेऊन घेऊन काय घेतले, तर बाईचा गळा. खंडोजीची मिशी घेतल्याचे कुणी सांगत नाही. गाव नाचले, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. मुकी झालेली बाई त्या दिवशी कुठे होती, हे कुणालाच ठाऊक नाही. बहुतेक नाचून दमलेल्यांसाठी भाकऱ्या थापत असेल.

तिला हसून सोडून देता आले असते. पण तिला गायचे होते. कॉलेजच्या गाण्याच्या स्पर्धेत पहिली येऊन ती नानांकडे गेली, बँडात गाते म्हणाली. नाना म्हणाले, "बँडात बाईचा गळा न्हाय चालत. मुकाई कोपंल." आणि तालुक्याहून एक गायक आणला. जुन्या गाण्यांतली बाईची कडवीही तोच बारीक आवाज काढून म्हणतो. मुकाईला तो चालतो.

त्यात आज सकाळची गोष्ट. शलाका आणि हौसाआत्या हळद दळायला बसल्या होत्या. ओसरीवर नाना संध्याकाळची तयारी म्हणून पहिले गाणे वाजवू लागले, तशी आत्याने मुकाट्याने ओठांत पान धरले. जाते फिरत होते. क्लॅरिनेट थांबले, आत्याचा हात सुपात गेला आणि हळकुंडांची मूठ जात्याच्या तोंडात पडली. क्लॅरिनेट सुरू झाले. पुन्हा थांबले, पुन्हा मूठ पडली. आत्याचे लक्षही नव्हते. शलाकाने मात्र खुंटा सोडून दिला होता.

"धरा गं पानं," आता नाना म्हणाले आणि त्यांनी क्लॅरिनेट उचलले. ताट बायकांमधून फिरले. एक पान उरले.

"शलाके, तुजं पान."

"मी नाही धरणार."

"पावन्यांम्होरं तमाशा नगं."

"नाना, तुम्ही थांबता तिथं तिचा गळा गेला नव्हता. जात्यात घास टाकायला थांबायची ती. गाणं तिचं होतं. खंडोजींनी ते थांब्यासकट उचललं."

"तू बघाय गेलतीस?"

"तुम्ही गेलता?"

वऱ्हाडातले कुणीतरी खुदकन हसले. नानांचे कान लाल झाले.

"आन् मग जन्मभर मुकी का ऱ्हायली ती?" त्यांनी आवाज चढवला.

"गायली असती तर गावाला कळलं असतं, गाणं कुणाचं ते."

नानांनी हौसाआत्याकडे बघितले. घरात पोरींना वळण लावण्याचे काम तिच्याकडे होते. पण आत्या स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती, जणू तो आत्ताच कुणी आणून दिला होता.

शलाकाने ताट खाली ठेवले आणि ती जात्याशी बसली. खुंटा धरून तिने ते पहिले गाणे मोकळ्या गळ्याने सुरू केले. ओळ संपता संपता ती थांबली, तिने सुपात उरलेल्या हळकुंडांची मूठ टाकली आणि पुढची ओळ उचलली. तिसऱ्या ओळीला आत्याने ओठांतले पान काढून सुपात ठेवले आणि समोरून खुंट्याला हात लावला. क्लॅरिनेट नानांच्या ओठांपर्यंत गेले होते, ते तिथेच राहिले.

आजही बोरवंडला गेलात, तर चिंचेखालचे जाते आणि त्यावरचा शेंदूर दिसेल. बँडही त्या जागी थांबतो. पानांचे ताट अजून फिरते, पण भरलेलेच परत येते. कारण विचारा. बायका एका दमात सांगतील. नानांना विचारलेत, तर ते टोपी सारखी करतील, शेजारच्या दोघा-तिघा म्हाताऱ्यांकडे बघतील, आणि कुणीच काही बोलणार नाही.