उजवीकडे दहा पावलं

“फाईल जागेवर आहे, बाबा. मग याला ती सापडत का नाही?”

दर्ग्याच्या ओसरीत बसून कासमबाबा संगणकाच्या काळ्या पडद्याकडे पाहत होते. ‘फाईल सापडली नाही’ एवढंच लिहून तो सकाळपासून अडून बसला होता.

तौसीफ त्यांचा शिष्य, शहरात शिकून आलेला. आल्या आल्या त्याने संगणकातला पसारा आवरला होता आणि चार लोकांना ते सांगितलंही होतं. आता एकेक हुकूम टाइप करून त्याने आतला एकेक फोल्डर, खोली न् खोली धुंडाळली. संगणक सुरू व्हायला लागणारी ती फाईल होती. तिच्याकडे नेणारा दुवाही होता. दुवा म्हणजे नुसती चिठ्ठी… ‘एक घर वर जा, मग शेजारच्या खोलीत शिर,’ एवढंच सांगणारी.

शेवटी कंटाळून तो म्हणाला, सगळं पुसून नव्याने टाकू.

“आणि उस्ताद?”

तौसीफने मान खाली घातली. बाबांच्या उस्तादांच्या कव्वाल्या त्यातच होत्या. दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

बाबा उठले. फाटकाजवळची पाटी त्यांनी उपटली, अंगण ओलांडून आणली आणि ओसरीच्या पायरीला टेकवली. ‘वजूचा नळ : उजवीकडे दहा पावलं.’

“जा, हातपाय धुऊन ये.”

“नळ तर तिकडे…”

“पाटी वाच आणि चाल.”

तौसीफ चालला. आठ… नऊ… दहा. समोर बाबांची शेळी रवंथ करत उभी होती. तिने त्याचा सदरा हुंगला.

“नळ हलला का रे?”

“नाही.”

“मग पाटीवरचं कुणी बदललं?”

“नाही…”

तो थबकला. आवरताना त्याने तो दुवा उचलून एका नव्या, नीटनेटक्या खोलीत ठेवला होता. अक्षरं तीच. पण तिथून ‘एक घर वर’ म्हणजे भलतंच घर.

तो धावतच ओसरीवर आला. दुवा पूर्वी होता तिथे परत ठेवला आणि संगणक पुन्हा चालू केला.

थोड्या वेळाने उस्तादांचा खरखरीत आवाज ओसरीभर पसरला. बाबांनी डोळे मिटून गुडघ्यावर ताल धरला.

कव्वाली संपली. तौसीफ दोन्ही हात पुढे करून हळूच म्हणाला, “बाबा, मलाही एक दुवा द्या.”

“देतो की. कुठे ठेवशील, ते आधी सांग.”