ठकू माळणीची टाच

फार फार वर्षं झाली. आपल्या पणज्यांच्या पणज्याही तेव्हा जन्मल्या नव्हत्या. साळवंडी गावात जिकडे बघावं तिकडे मोगऱ्याचे मळे होते. त्यातला देवीच्या मालकीचा मळा ठकू माळीण राखायची. अट एकच, चैत्रात देवीची पालखी मोगऱ्यानं मढवायची. त्यात चुकलं की मळा गेला.

मोगऱ्याचं पाणी थंडीत तोडतात. झाड पानं टाकून निजतं. ऊब आली की पाणी सोडायचं, मग कळ्या लगडतात. पण ऊब आली हे ओळखायचं कसं? बाकीचे आभाळाकडे बघत. ठकू अनवाणी वाफ्यात उतरायची, टाच मातीत रोवायची आणि डोळे मिटून उभी राहायची. तिच्या टाचेला जमिनीच्या पोटातलं कळायचं, असं म्हणतात.

एका माघात चार दिवस असं ऊन पडलं, की लोकांनी घोंगड्या गुंडाळून ठेवल्या. मळ्यामळ्यांतून पाणी खळखळलं. ठकूचा मळा तेवढा कोरडाठाक. पाटील तणतणत बांधावर आले.

“ठके, डोकं फिरलं का तुझं? पालखी उघडी निघाली तर मळा सोडावा लागंल!”

“वारा तापलाय, पाटील. माती अजून गारठलेलीच हाय. आन् मोगरा काय वाऱ्यात ऱ्हातो व्हय?”

पाटील हसले, गाव हसलं. भ्याली ठकूही होती, खोटं कशाला बोला! एकटी बाई, मळा गेला तर जाणार कुठं? पण टाच थांब म्हणाली, म्हणून ती थांबली.

आठवडाभरात थंडी अशी परतली, की बांधावरचं दव गोठलं. पाणी दिलेल्या मळ्यांतले कोवळे फुटवे काळे पडले. हसणाऱ्यांची तोंडं एवढीशी झाली. ठकूचा मोगरा निजलेलाच होता, त्याला काय होतंय!

फाल्गुन लागला आणि एका सकाळी ठकू वाफ्यातून ओरडली, “आली गं बाई, ऊब आली!” तिनं पाटाचं पाणी मळ्यात वळवलं. ते शेवटच्या वाफ्यात पोचायच्या आत पहिल्या वाफ्यात कळ्या धरल्या होत्या, असं म्हणतात. चैत्रात त्या एका मळ्यानं पालखी मढवली, भोई मढवले, गावातल्या एकूण एक बाईचा अंबाडा मढवला, तरी टोपल्या रित्या होईनात. पाटलांनी पागोटं काढून ठकूला पालखीच्या पुढं चालायला लावलं.

आजही साळवंडीत ऊन चढू लागलं की पाटलाच्या घरचा कर्ता माणूस वहाणा काढून बांधावर उभा राहतो. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माळणीला हात जोडून विचारतो, “आजी, सोडू का पाणी?”

ती हो म्हणेपर्यंत पाटाला कुणी हात लावत नाही.